शेपटीवरच्या अक्षरांचा हिशोब

मोटारीच्या मायलेजचा आकडा चाचणीतून येतो. पुण्यात वेताळ टेकडीवर बसलेली एआरएआय ही चाचणी संस्था त्यासाठीच घरोघरी माहीत आहे. सुरक्षिततेचे तारे २०२३पासून भारत एनकॅप देते. पण डिक्कीच्या दारावर नावाशेजारी चिकटवलेली ‘जीटी’, ‘आरएस’, ‘एन लाइन’, ‘एम स्पोर्ट’ ही अक्षरं कुणी तपासत नाही. त्यांचा अर्थ कंपनी ठरवते, आणि वाटलं तर चार वर्षांनी बदलतेही. ग्राहक मात्र त्याच अक्षरांसाठी काही हजारांपासून तीस-पस्तीस लाखांपर्यंत जास्तीचे पैसे मोजतो. ते पैसे रंगरंगोटीचे, ब्रेक-सस्पेन्शनचे की इंजिनाचे, हे बुकिंगची रक्कम भरण्याआधी कळायला हवं.

किमतींबद्दल आधीच सांगून टाकतो. इथे दिलेले भाव त्या-त्या गाडीच्या बाजारात येतानाचे, एक्स-शोरूम आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले, काही गाड्या बंदही झाल्या. त्यामुळे आजचा भाव शोरूममध्येच विचारा. आपल्याला इथे दोन गाड्यांमधलं अंतर बघायचं आहे.

एम कुठे आहे ते बघा

बीएमडब्ल्यूने १९७२ साली शर्यतींसाठी वेगळी कंपनी काढली, तिच्या नावातल्या मोटरस्पोर्टचा हा एम. आज त्या एका अक्षराखाली तीन वेगळ्या गाड्या विकल्या जातात आणि रस्त्यावरून जाताना तिन्हींवर तोच तिरंगी पट्टा दिसतो.

खालच्या पायरीवर एम स्पोर्ट. ‘३३०आय एम स्पोर्ट’ असं नाव असलं, म्हणजे आकडे आधी आणि एम नंतर, की समजायचं बंपर वेगळा, स्टिअरिंग जाड, चाकं मोठी, आणि इंजिन साध्या ३३०आयचंच. मधल्या पायरीवर एम३४०आय. ही मार्च २०२१मध्ये आली, चेन्नईत जुळवलेली, किंमत ६२.९० लाख. सहा सिलिंडरचं इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला ४.४ सेकंद. वरच्या पायरीवर एमनंतर एकच आकडा: एम२, एम३, एम४, एम५. यांत इंजिनापासून ब्रेकपर्यंत सगळं वेगळं बांधलेलं असतं. मे २०२३मध्ये एम२ आली ती ९८ लाखांना, ४६० हॉर्सपॉवर घेऊन. एसयूव्हीमध्ये हीच वरची पायरी एम शेवटी लावते, ‘एक्स५ एम’ अशी, आणि विजेवरच्या मधल्या गाड्यांवर एम५०, एम६० लिहिलेलं असतं. थोडक्यात, अक्षरासमोर किंवा मागे काय आहे ते वाचल्याशिवाय अक्षर वाचून उपयोग नाही.

एम३४०आय आणि एम२ यांत ७३ हॉर्सपॉवरचा फरक आहे आणि पस्तीस लाखांचा. एम२ पूर्ण आयात होते, त्या पस्तीस लाखांतला मोठा वाटा सरकारच्या तिजोरीत जातो. ट्रॅकवर जाणारा माणूस नसाल तर मधली पायरी हीच या घराण्यातली शहाणपणाची खरेदी, असं माझं मत आहे.

मर्सिडीजमध्ये एक हॉर्सपॉवर कितीला पडते

एएमजी ही तीन अक्षरं म्हणजे ऑफ्रेख्ट आणि मेल्शर हे दोन अभियंते आणि ग्रोसआस्पाख हे ऑफ्रेख्टचं गाव. १९६७मध्ये त्यांनी मर्सिडीजची इंजिनं शर्यतीसाठी तयार करायला सुरुवात केली. पुढे मर्सिडीजने कंपनीच विकत घेतली, आणि बीएमडब्ल्यूसारखाच इथेही ‘एएमजी लाइन’ नावाचा पेहराव साध्या गाड्यांना मिळू लागला. तो पेहराव म्हणजे बंपर, जाळी आणि चाकं.

हिशोब करायला ए-क्लाससारखं उदाहरण मिळणार नाही. मार्च २०२१मध्ये ए२०० लिमोझिन आली: ३९.९० लाख, १६३ हॉर्सपॉवर. त्याच वेळी एएमजी ए३५ आली: ५६.२४ लाख, ३०६ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, आणि जुळणी आपल्या चाकणची. नोव्हेंबरमध्ये एएमजी ए४५ एस आली, हॅचबॅक, पूर्ण आयात: ७९.५० लाख, ४२१ हॉर्सपॉवर. आता वजाबाकी करा. ए२००वरून ए३५वर जाताना १४३ हॉर्सपॉवर वाढली आणि १६.३४ लाख रुपये, म्हणजे वाढीव हॉर्सपॉवरला सुमारे ११,४०० रुपये. ए३५वरून ए४५ एसवर जाताना ११५ हॉर्सपॉवर आणि २३.२६ लाख, म्हणजे हॉर्सपॉवरला सुमारे २०,२०० रुपये. दुसरी पायरी पहिलीच्या जवळजवळ पावणेदोन पट महाग.

हा वजाबाकी-भागाकार कुठल्याही गाडीला लावता येतो आणि शोरूममध्ये मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो. एखाद्या गाडीत उत्तरच येत नाही, कारण भागायला खाली शून्य असतं: पैसे वाढले, ताकद वाढली नाही. तशी गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. पेहरावाचे पैसे देतोय हे माहीत असून दिले तर त्यात काही गैर नाही. लग्नाच्या हॉलला याहून जास्त देतात.

आकड्यांवरही फार विसंबू नका. एएमजीचा ‘६३’ ऐकून ६.३ लिटरचं इंजिन डोळ्यांसमोर येतं. ज्या व्ही८ इंजिनाबरोबर हा आकडा रूढ झाला ते प्रत्यक्षात ६.२ लिटरचं होतं. आकडा १९६८च्या ३०० एसईएल ६.३ या गाडीच्या आठवणीत ठेवला. मग इंजिन साडेपाच लिटरचं झालं, मग चार लिटरचं, आकडा तोच. नोव्हेंबर २०२४मध्ये भारतात आलेल्या सी६३मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर आहे. ताकद ६८० हॉर्सपॉवर, किंमत १.९५ कोटी. वेगात काही कमी नाही, पण ज्यांना व्ही८चा आवाज हवा होता त्यांनी बोनेट उघडून बघायला हवं होतं. पोर्शच्या टायकान या विजेच्या गाडीला ‘टर्बो’ म्हणतात, जिच्यात टर्बो बसवायला इंजिनच नाही, ती गंमत वेगळीच.

एन लाइन: निम्मं खरं

दीड-दोन कोटींच्या गाड्यांची चर्चा वाचायला बरी. आपल्यापैकी बहुतेकांचा खरा प्रश्न दहा ते वीस लाखांतला असतो. तिथे सगळ्यात जास्त दिसणारं अक्षर ह्युंदाईचं एन आहे. दक्षिण कोरियातलं नामयांग हे कंपनीचं संशोधन केंद्र आणि जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग हा ट्रॅक, दोघांचं आद्याक्षर. बीएमडब्ल्यूच्या एम विभागातून आलेले आल्बर्ट बियरमान २०१५मध्ये ह्युंदाईत गेले आणि त्यांच्या देखरेखीखाली खऱ्या एन गाड्या तयार झाल्या. युरोपात विकलेल्या आय२० एनमध्ये १.६ लिटरचं टर्बो इंजिन होतं, २०४ पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर).

भारतात सप्टेंबर २०२१मध्ये आली ती आय२० ‘एन लाइन’. इंजिन एक लिटरचं टर्बो, १२० पीएस, किंमत ९.८४ लाखांपासून. तेव्हा हेच इंजिन साध्या आय२० टर्बोतही मिळत होतं. मग जास्तीचे पैसे कशाचे? इथे एन लाइनला न्याय द्यायला हवा. लाल शिलाई आणि ठिकठिकाणी छापलेला एन होताच, पण त्याबरोबर सस्पेन्शन कडक केलं होतं, स्टिअरिंगचं वजन बदललं होतं, सायलेन्सरचा आवाज वेगळा केला होता, आणि मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले होते. बाहेरून करून घ्यायला अवघड अशा या गोष्टी आहेत. फक्त स्टिकर आणि सीट कव्हर असतं तर मी नको म्हटलं असतं.

पुढे अक्षराचा अर्थच सरकला. २०२३च्या नव्या रूपात साध्या आय२०मधून टर्बो इंजिन काढून टाकलं आणि ते फक्त एन लाइनमध्ये उरलं. साध्या गाडीत १.२ लिटरचं, मॅन्युअलला ८३ पीएसचं इंजिन. म्हणजे २०२१मध्ये जे अक्षर सस्पेन्शनचं होतं ते दोन वर्षांनी इंजिनाचं नाव झालं. जुनी आय२० घेताना हा फरक लक्षात ठेवा: २०२२ची टर्बो आय२० एन लाइन नसूनही १२० पीएसची असू शकते, आणि ती सहसा स्वस्त मिळते.

क्रेटाचं आणखी वेगळं. मार्च २०२४मध्ये क्रेटा एन लाइन आली, १६.८२ लाखांपासून, १.५ लिटर टर्बो, १६० पीएस. हे इंजिन साध्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलमध्येही होतं, पण तिथे फक्त ऑटोमॅटिक. हाताने गिअर टाकायचे असतील तर एन लाइनच घ्यावी लागत होती. स्पोर्टीपणाचं अक्षर कधी कधी असं गिअरबॉक्सचं कुलूप असतं. तुम्हाला मॅन्युअल नकोच असेल तर त्या कुलपासाठी किल्ली विकत घेऊ नका.

खरी आय२० एन इथे का आली नाही, सुझुकीची १.४ टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट का आली नाही, याचं एक मोठं कारण आपल्या कराच्या व्याख्येत आहे. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी म्हणजे लहान गाडी. तिला आता १८ टक्के जीएसटी. त्यापलीकडे गेलं की ४० टक्के. करापूर्वी दहा लाखांची गाडी एका बाजूला ११.८० लाखांना पडते आणि दुसऱ्या बाजूला १४ लाखांना. २.२० लाखांचा हा उंबरठा केवळ १.६ लिटरच्या हौसेसाठी ओलांडायला फारसं कुणी तयार नसतं. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक ‘स्पोर्ट’ हॅचबॅक एक ते १.२ लिटर टर्बोच्या आसपास घुटमळतात: मारुतीची २०१७ची बलेनो आरएस एक लिटर, १०२ पीएस, ८.६९ लाख, टाटाची २०२४ची अल्ट्रोझ रेसर १.२ लिटर, १२० पीएस, ९.४९ लाखांपासून.

ही रेषा ओलांडण्याचं धाडस फियाटने केलं होतं, तेही पुणे जिल्ह्यात. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५मध्ये अबार्थ पुंतो निघाली: १.४ टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, ९.९५ लाख. गाडीवरचा विंचू, म्हणजे अबार्थचं बोधचिन्ह, शोभेचा नव्हता. ती फार विकली गेली नाही. टाटाने कोइम्बतूरच्या जयम कंपनीबरोबर २०१८मध्ये टियागो जेटीपी काढली, ६.३९ लाखांत ११४ पीएस. इतक्या कमी पैशांत इतकी इमानदार गाडी मिळाली नव्हती. तीही दोन वर्षांत बंद. आपण लोक अक्षरावर प्रेम करतो, इंजिनावर जरा कमी.

जीटी आणि जीटी लाइन

चाकणमध्ये तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्यांवर जीटीला एकेकाळी ठाम अर्थ होता. २०१३च्या पोलो जीटी टीएसआयपासून ही अक्षरं म्हणजे घरातलं ताकदवान इंजिन. टायगुन आणि व्हर्टुस आल्या तेव्हाही जीटी म्हणजे १.५ लिटर, १५० पीएस. बाकीच्या एक लिटर, ११५ पीएस. मग २०२४मध्ये ‘जीटी लाइन’ आली: काळी चाकं, काळे आरसे, काळं छत, आणि बोनेटखाली एक लिटरचं इंजिन. १.५ लिटरवालीला ‘जीटी प्लस’ म्हणायचं. म्हणजे दोन गाड्यांवर जीटी, आणि दोघींत ३५ पीएसचा फरक. कंपनीने काहीही लपवलेलं नाही, सगळं माहितीपत्रकात आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये माहितीपत्रक कोण वाचतं?

मॅन्युअल गिअरच्या व्हर्टुसमध्ये हा फरक येताना सुमारे १४.१ आणि १७.८ लाख असा होता, म्हणजे ढोबळ पावणेचार लाख. त्यात ३५ पीएसबरोबर वरच्या मॉडेलच्या इतर सोयीही होत्या. हा फरक रस्त्यावर येईपर्यंत किती होतो ते बघू. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाख १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. पावणेचार लाखांवर १२ टक्के म्हणजे ४५,००० रुपये. थर्ड पार्टी विमा इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जून २०२२मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा एकत्र हप्ता १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १,५०० सीसीपर्यंत १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६. इथे ४,११९ रुपये वाढले. बेरीज सव्वाचार लाखांच्या जवळ. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज असेल तर लाखाला महिना सुमारे २,०७६ रुपये हप्ता, म्हणजे या फरकाचाच हप्ता ८,८०० रुपयांच्या आसपास. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर असतो, त्यातला फरक दर वर्षी वेगळा भरावा लागेल.

मी १.५ लिटर घेईन. ज्याला पुणे-नाशिक किंवा कोल्हापूरची ये-जा असते, ट्रकला मागे टाकताना पाय दाबल्यावर गाडी उठली पाहिजे असं वाटतं, त्याला ते ३५ पीएस आणि वाढलेला टॉर्क रोज भेटतो. पण ज्याची गाडी हिंजवडीच्या रांगेत उभी राहण्यातच म्हातारी होणार आहे, त्याने एक लिटरची गाडी घ्यावी, आणि तीही जीटी लाइनचा भाव तेवढ्याच सोयींच्या साध्या मॉडेलशी ताडून. शिवाय एक बारकी गोष्ट: व्हर्टुस जीटीला पुढे लाल रंगाचे कॅलिपर होते आणि मागे ड्रम ब्रेक. लाल रंग ब्रेक लावत नाही.

या घराण्यातली खरी अक्षरं ‘लाइन’शिवाय येतात. गोल्फ जीटीआय मे २०२५मध्ये ५३ लाखांना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४९.९९ लाखांना, फक्त १०० गाड्या. दोन्हींत २.० लिटर टर्बो, २६५ पीएस. इंजिन एक, अक्षरं दोन. स्कोडात डिक्की मोठी आणि तीन लाख कमी. दोन्ही आयात असल्यामुळे साध्या भागासाठीही थांबण्याची तयारी ठेवा.

कियाच्या जीटी लाइनमध्ये तर डिझेल इंजिनही मिळत आलं आहे. २०२३च्या सेल्टोसमध्ये तेच अक्षर १६० पीएसच्या टर्बो पेट्रोलवर आणि ११६ पीएसच्या डिझेलवर. टोयोटाची फॉर्च्युनर जीआर-एस २०२२मध्ये ४८.४३ लाखांना आली. इंजिन तेच २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, सस्पेन्शन थोडं वेगळं, बाकी लाल-काळा साज. फॉर्च्युनरच्याच लेजेंडर ४x४पेक्षा जवळपास चार लाख जास्त. डिझेलला वीस लाखांपुढे रोड टॅक्स १५ टक्के, म्हणजे त्या चार लाखांवर आणखी साठ हजार. भागाकारात खाली शून्य येतं ते हेच.

जे बिलात दिसत नाही

दहा लाखांची रेषा सांभाळा. टॅक्सचा वरचा दर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. ९.९९ लाखांच्या पेट्रोल गाडीला १,०९,८९० रुपये, १०.०५ लाखांच्या गाडीला १,२०,६००. किमतीत सहा हजारांचा फरक, टॅक्समध्ये दहा हजार सातशेचा. दहा लाखांवर गाडी गेली की एक टक्का टीसीएसही भरावा लागतो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण पैसे आधी खिशातून जातात. स्पोर्ट व्हेरियंट या रेषेच्या जरा पलीकडे बसलेलं नाही ना, ते बघा. कंपनीच्या नावावर गाडी घेणार असाल तर महाराष्ट्रात टॅक्स २० टक्के, तेव्हा पेहरावाच्या प्रत्येक लाखावर वीस हजार.

टायर हा सगळ्यात विसरला जाणारा खर्च. टायरवर २०५/५५ आर१६ असं लिहिलेलं असतं: रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम सोळा इंची. म्हणजे खड्डा आणि अलॉय यांच्यामध्ये सुमारे ११३ मिलिमीटर रबर. २२५/४० आर१८ झालं की ते ९० मिलिमीटरवर येतं. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर हे २३ मिलिमीटर फार मोलाचे असतात. सोळा इंची चांगला टायर साधारण सात ते दहा हजारांत मिळतो. अठरा इंची परफॉर्मन्स टायर वीस हजारांच्या आसपास आणि पुढे, आणि वाकलेल्या अलॉयचा खर्च वेगळा. रन-फ्लॅट असेल तर सहसा स्टेपनीही नसते, रात्री घाटात टायर फाटला तर टोइंग. म्हणून स्पोर्ट मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. विक्री प्रतिनिधी ज्या रस्त्याने नेतो तो सोडून तुमच्या घराकडच्या रस्त्याने न्या, मागच्या सीटवर आई-वडिलांना बसवा, आणि सोसायटीच्या गतिरोधकावर गाडी खाली लागते का ते बघा. तासाला शंभरची मर्यादा असलेल्या एक्स्प्रेसवेवर कडक सस्पेन्शन सुखाचं वाटतं. घरापासून टोलनाक्यापर्यंतचा रस्ता मात्र तुम्हाला रोज पार करायचा असतो.

पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. तिथे किमान जितकं ऑक्टेन लिहिलं असेल त्या पेट्रोलच्या भावाने महिन्याचा इंधनाचा हिशोब करा.

शोरूममध्ये विचारायचं ते साधं आहे. हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स सगळ्यात स्वस्त कुठल्या मॉडेलमध्ये मिळतो? त्या मॉडेलचं आणि या मॉडेलचं ऑन-रोड कोटेशन एकाच कागदावर द्या. ब्रेक, स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर यांतलं काय वेगळं आहे, ते माहितीपत्रकात दाखवा. “सर, फील वेगळा आहे,” असं उत्तर आलं तर फील माहितीपत्रकात शोधायला सांगा.

जुनी घेताना

सचिनच्या बॅटवर एमआरएफचं स्टिकर होतं, म्हणून नव्वदच्या दशकात गल्लीतल्या पोरांनी आपल्या बॅटला तेच चिकटवलं. मोटारींचं आज तसंच चाललं आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत एम, एएमजी, आरएस, हवं ते अक्षर काहीशे रुपयांत मिळतं. स्वतःच्या गाडीला लावायला कुणाची हरकत नाही. पण जुन्या बाजारात त्या काहीशे रुपयांचे पन्नास हजार मागितले जातात.

आरसीवर इंजिनाची क्षमता सीसीमध्ये लिहिलेली असते. ती कंपनीच्या माहितीपत्रकाशी जुळवा. मॉडेलचं नाव वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर बघा, बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत तिथे व्हेरियंटही दिसतं. शंका असेल तर चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा. कारखान्यातून गाडी कुठल्या रूपात निघाली आणि तिची सर्व्हिस कुठे झाली, हे त्यावरून कळतं. मालकाने ‘रिमॅप’ करून ताकद वाढवली आहे का, सायलेन्सर बदलला आहे का, हे तोंडी विचारा आणि व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल चालत नाहीत, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो.

अबार्थ पुंतो किंवा टियागो जेटीपीसारखी बंद झालेली खरी गाडी मिळाली तर मन चळतं, आणि चळू द्यावं. फक्त पैसे देण्याआधी टर्बो, क्लच आणि पुढच्या ब्रेक डिस्क यांचे भाव आणि ते किती दिवसांत येतील, हे दोन गॅरेजमधून लेखी घ्या. दोन्हीकडून “बघावं लागेल” असं ऐकलं तर मागितलेल्या किमतीतून तेवढा खर्च आधीच कापून बोली लावा.